घाटात दम टाकणारी अ‍ॅम्बेसेडर: १४८९ सीसी इंजिनातून जास्त ताकद कशी काढावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९७१ ची अ‍ॅम्बेसेडर मार्क टू, मूळचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन, वर मूळचाच एसयू कार्ब्युरेटर. रत्नागिरीहून कोल्हापूरला येताना साखरपा सोडून आंबा घाटाला लागलं की चार माणसं बसलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्येही रडते. तुमच्या मेस्त्रींचं म्हणणं, बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवून मोठे पिस्टन घाला, दोन कार्ब्युरेटर चढवा, फ्री-फ्लो सायलेन्सर लावा. हे करावं का, आणि केल्यावर किती फरक पडेल?

माझं आयुष्य कोल्हापूरच्या उद्यमनगरात हेड आणि ब्लॉकच्या कामात गेलं, आणि या इंजिनावर माझा जीव आहे. त्यामुळे उत्तर लांबणार आहे. मेस्त्रींनी सांगितलेल्या तिन्ही गोष्टी चुकीच्या नाहीत, पण क्रम उलटा आहे. या इंजिनाची ताकद ब्लॉकमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या भागात, अडकलेली नाही, ती हेडमध्ये, म्हणजे वर वाल्व बसतात त्या भागात, अडकली आहे. आणि त्याच्याही आधी, जी ताकद कारखान्यातून मिळाली होती ती पन्नास वर्षांत झिजून गेली आहे, ती परत आणायची आहे.

हेडमध्ये अडकली आहे असं का म्हणतो, ते आधी सांगतो. तुमच्या गाडीतलं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं 'बी सिरीज'. मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्रीवरून हिंदुस्तान मोटर्सने उत्तरपाड्याला अ‍ॅम्बेसेडर काढली, तिच्यात हे ओव्हरहेड वाल्व इंजिन आलं. हेच १४८९ सीसी, तोच ७३.०२५ मिलिमीटर बोअर, तोच ८८.९ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची चाल), १९५५ साली एमजीए या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमध्ये होतं. अ‍ॅम्बेसेडरमध्ये त्याची ताकद ५० ते ५५ हॉर्सपॉवर, एमजीएमध्ये ६८ आणि पुढे ७२. बोअर आणि स्ट्रोकला कुणी हात लावला नव्हता. फरक होता तो कॉम्प्रेशनचा, कॅमचा (वाल्व उघडवणारा शाफ्ट), वाल्वचा आणि कार्ब्युरेटरचा. म्हणजे इंजिन श्वास किती मोकळा घेतं आणि घेतलेला श्वास किती दाबतं, याचा.

आता रीबोअरचा हिशेब बघा. चाळीस साइज, म्हणजे ०.०४० इंच ओव्हरसाइज पिस्टन घातले तर बोअर ७४.०४ मिलिमीटर होतो आणि इंजिन १४८९ चं १५३१ सीसी होतं. ४२ सीसी वाढले, जेमतेम तीन टक्के. तेवढ्यासाठी ब्लॉकची शेवटची साइज खर्च करायची आणि पुढच्या वेळी लाइनर (सिलिंडरच्या आत बसवायच्या नळ्या) ठोकायचे, हे मला पटत नाही. सिलिंडर झिजला असेल, ओव्हल झाला असेल तर रीबोअर कराच, पण जी पहिली साइज साफ निघते त्याच साइजवर थांबा. एमजीएमध्ये पुढे १५८८ आणि १६२२ सीसी आले, म्हणून आपल्या ब्लॉकचा बोअर तिथवर नेऊ असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. १६२२ साठी त्यांनी ब्लॉकचं कास्टिंगच बदललं होतं. आपल्या ब्लॉकची भिंत तेवढी जाड नाही. शिवाय हा ब्लॉक जपायला आणखी एक कारण आहे: त्याच्यावरचा नंबर तुमच्या आरसी बुकात आहे.

म्हणून सुरुवात मोजमापाने करा. इंजिन गरम असताना चारही प्लग काढून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन बघा. आकडा किती यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या दहा टक्क्यांत आहेत का, हे महत्त्वाचं. एखादा कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा बघा. आकडा चढला तर रिंग गेल्या, नाही चढला तर वाल्व गळतोय. मग इनलेट मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावा. धडधाकट इंजिन रत्नागिरीत आयडलवर १७ ते २० इंच दाखवतं. हीच गाडी कोल्हापुरात आणलीत, सुमारे ५७० मीटर उंचीवर, तर काटा दोनेक इंच खाली दिसेल. त्याने घाबरू नका, हवाच तिथे पातळ आहे. समुद्रावरून घाटमाथ्यावर येईपर्यंत कुठलंही साधं कार्ब्युरेटरचं इंजिन सहाएक टक्के ताकद हवेलाच देऊन बसतं, आणि मिश्रण थोडं रिच (पेट्रोल जास्त) होतं ते वेगळंच.

टॅपेट कव्हर काढलंत की रॉकरची (वाल्व दाबून उघडणाऱ्या दांड्यांची) टोकं बोटाने चाचपून बघा. वाल्वच्या दांड्यावर जिथे रॉकर टेकतो तिथे खळगा पडलेला असतो. फीलर गेजची पट्टी त्या खळग्यावरून सरळ पूल टाकते. तुम्हाला वाटतं क्लिअरन्स ०.०१५ इंच आहे, प्रत्यक्षात तो त्याहून बराच जास्त असतो. तेवढी लिफ्ट कमी मिळते, वाल्व उशिरा उघडतो, लवकर मिटतो. रॉकर शाफ्टच्या खालच्या बाजूला पायरी पडलेली असेल तर तीच गोष्ट दुप्पट. शाफ्ट नवा घालून रॉकर बुश करून टोकं ग्राइंड केल्यावर गाडी वेगळीच वाटते, आणि यात ट्यूनिंग म्हणावं असं काहीच नाही.

डेल्कोचंही, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचंही, तेच. शाफ्ट हलतो का बघा. हलत असेल तर पॉइंटचा गॅप प्रत्येक सिलिंडरला वेगळा पडतो आणि टायमिंग कितीही लावा, ते जागेवर राहत नाही. आतली अ‍ॅडव्हान्सची वजनं गंजून अडकलेली असतात, स्प्रिंग ताणलेल्या असतात. व्हॅक्यूमच्या नळीने तोंडाने ओढून डायफ्राम धरतो का पाहा. पॉइंटचा गॅप ०.०१५ इंच ठेवा. इलेक्ट्रॉनिक किट लावायला माझी हरकत नाही, पण हलणाऱ्या शाफ्टवर किट लावून उपयोग नाही.

थंड राहण्याची व्यवस्था हा ताकदीचाच भाग आहे, हे लोक विसरतात. तुमच्याकडे बोअरवेलचं पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये गेलं असेल तर ब्लॉकच्या मागच्या बाजूला, चौथ्या सिलिंडरभोवती, गाळाचा घट्ट थर असतो. वेल्च प्लग (ब्लॉकच्या बाजूची पत्र्याची बुचं) काढून तारेने, पाण्याच्या फवाऱ्याने तो काढा. तो राहिला तर पुढे कॉम्प्रेशन वाढवल्यावर पहिलं नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून होणारी खणखण) चौथ्याच सिलिंडरला सुरू होईल.

एवढं झाल्यावर गाडी एकदा घाटात नेऊन आणा. बऱ्याच जणांचं समाधान इथेच होतं, कारण मूळच्या पन्नासातल्या पस्तीसवर चालणारं इंजिन पुन्हा पन्नासवर आलेलं असतं. तुम्हाला त्याहून पुढे जायचं असेल तर आता हेड उतरवा.

बी सिरीजचं हेड बिडाचं आहे, आणि त्यात एक गोष्ट आहे ती समजून घेतल्याशिवाय कार्ब्युरेटरचा निर्णय घेता येत नाही. चार सिलिंडरना इनलेट पोर्ट दोनच आहेत. एक आणि दोन मिळून एक, तीन आणि चार मिळून एक. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. म्हणजे तीन नंबरचा वाल्व मिटतोय न मिटतोय तोच शेजारचा चार नंबर त्याच पोर्टमधून ओढायला लागतो, आणि दोननंतर लगेच एक. प्रत्येक पोर्टमधून पाठोपाठ दोन घोट जातात आणि मग बराच वेळ काहीच जात नाही. नंतर ओढणारा आधीच्याच्या वाट्याचं थोडं पळवतो. एक्झॉस्टला दोन आणि तीन यांचं पोर्ट मधोमध सामाईक आहे, पण ते ३६० अंशांच्या अंतराने फुटतात, त्यामुळे तिथे एकमेकांना त्रास होत नाही. तिथला त्रास वेगळा, उष्णतेचा. हेडला तडा जातो तो बहुतेक वेळा याच मधल्या दोन एक्झॉस्टच्या आसपास. म्हणून एक रुपयाही खर्च करण्याआधी हेड धुऊन, डाय-पेनिट्रंट लावून तडा बघून घ्या, आणि पाण्याच्या दाबाची टेस्ट करा. ज्या गावात फाउंड्री आहे तिथे हे काम सहज होतं.

हेड चांगलं निघालं तर पहिलं काम सीटचं. बिडाच्या हेडमध्ये एक्झॉस्ट सीट थेट बिडातच कापलेल्या असतात. पेट्रोलमध्ये शिसं होतं तोवर ते चालून गेलं. २००० सालापासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं, तेव्हापासून जोरात चालवलेल्या हेडमध्ये एक्झॉस्ट वाल्व हळूहळू आत बसत जातो. तुम्ही घाट चढणार आहात, ताकद वाढवणार आहात, तर चारही एक्झॉस्टला हार्ड सीट बसवून घ्या. इनलेटला गरज नसते.

मग सीट तीन कोनांत कापा. बसण्याची मुख्य पट्टी ४५ अंश, तिच्या वर ३० आणि खाली ६०. इनलेटला पट्टीची रुंदी दीड मिलिमीटर, एक्झॉस्टला दोन, कारण एक्झॉस्ट वाल्वला त्याची उष्णता सीटमधूनच सोडायची असते. सीटच्या खाली, घशात, कारखान्याच्या कटरने सोडलेली एक धारदार कड असते. बोट आत घातलंत तर लागेल. ती कड आणि वाल्वचा दांडा ज्यात सरकतो त्या गाइडभोवतीचा बिडाचा फुगवटा, या दोन जागा या हेडचा श्वास सर्वांत जास्त अडवतात. डाय ग्राइंडरने त्या दोन्ही गोलाव्यात आणा आणि तिथेच थांबा. पोर्ट आरशासारखं चकचकीत करायची हौस नको. इनलेटची भिंत थोडी खरखरीत राहिली तर पेट्रोल तिला चिकटून थेंब होत नाही, हवेत मिसळून जातं. मॅनिफोल्डचं तोंड आणि पोर्टचं तोंड गॅस्केट ठेवून जुळवा. ज्वलनकक्षाचा आकार हॅरी वेस्लेकने बसवलेला आहे. दोन वाल्वच्या मधोमध जी चोच पुढे येते ती हवेला फिरवते, ती खाऊ नका. इनलेट वाल्वच्या अगदी बाजूला जी भिंत चिकटून येते, तिथली थोडी मोकळी केली तर मात्र फायदा होतो.

आता कॉम्प्रेशन. त्या काळी आपल्याकडचं पेट्रोल आजच्यापेक्षा बरंच कमी ऑक्टेनचं होतं, म्हणून ही इंजिनं कमी कॉम्प्रेशनवर आली, साधारण ७.२ ला १. आज पंपावरचं साधं पेट्रोलही किमान ९१ ऑक्टेनचं आहे, तेव्हा ८ ते ८.३ पर्यंत जायला हरकत नाही. एमजीएचं ८.३ होतं.

इथे अंदाजाने काम करू नका, मोजा. हेड उलटं ठेवा, वाल्व आणि प्लग बसवा, कक्षाच्या कडेला ग्रीस लावून त्यावर छिद्र पाडलेली अ‍ॅक्रिलिकची काच दाबा, आणि ब्युरेटने रॉकेल सोडत किती सीसी मावतं ते लिहा. चारही कक्ष मोजा, ते सारखे नसतातच. त्यात गॅस्केटच्या जाडीचा, पिस्टन वर आल्यावर राहणाऱ्या फटीचा आणि पिस्टनच्या डोक्यात वाटी असेल तर तिचा सीसी मिळवा. एका सिलिंडरचे ३७२ सीसी आहेत. ७.२ साठी वर एकूण ६० सीसी जागा लागते, ८.३ साठी ५१. म्हणजे नऊ सीसी कमी करायचे आहेत. हेड एक मिलिमीटर फेस केलं तर साधारण तीन सीसी जातात. सगळं काम फेसिंगने करायचं म्हटलं तर तीन मिलिमीटर काढावे लागतील, तेवढे काढू नका, डेक (हेडचा तळ) पातळ होईल. दीड मिलिमीटर काढलंत तर ७.७ येतात, दोन काढलेत तर ७.९. माझ्या मते या गाडीला दीड पुरे. त्याहून जास्त हवं असेल आणि तुमचे पिस्टन वाटीचे असतील, तर रीबोअरच्या वेळी सपाट डोक्याचे पिस्टन शोधा. तो सरळ मार्ग आहे. हेड खाली आलं की पुशरॉड तेवढेच लांब पडतात, टॅपेटच्या स्क्रूला पुरेसे आटे उरलेत का आणि रॉकर वाल्वच्या दांड्यावर मधोमध टेकतोय का ते बघा. नसेल तर रॉकर स्टँडखाली शिम घाला.

कॉम्प्रेशन एका आकड्याने वाढवल्याचा फायदा चार-पाच टक्के. ऐकायला कमी वाटतं, पण तो प्रत्येक आरपीएमला मिळतो आणि पेट्रोलही वाचवतो. घाटात तुम्हाला हेच हवं आहे. एमजीएचा कॅम दोन हजारांच्या खाली मऊ वाटतो, त्या गाडीचा कमाल टॉर्कच ३५०० आरपीएमला येतो. हलक्या स्पोर्ट्स कारला तो शोभतो. चार माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या घेऊन चढणाऱ्या गाडीला नाही. म्हणून कॅम मूळचाच ठेवा, फक्त त्याचे लोब झिजलेत का ते मायक्रोमीटरने बघा. झिजला असेल तर कॅम आणि टॅपेट दोन्ही नवे घाला, जुन्या कॅमवर नवे टॅपेट किंवा उलट कधीच नाही. आणि झिंकचं प्रमाण चांगलं असलेलं २०डब्ल्यू-५० ऑइल वापरा. आजची पातळ, नव्या गाड्यांची ऑइलं या सपाट टॅपेटना पुरत नाहीत.

आता दोन कार्ब्युरेटर. वरचं पोर्टचं गणित आठवा: एका पोर्टला एक असे दोन एसयू बसवणं तर्काला धरून आहे, एमजीएमध्ये दीड इंची दोन होते. पण दोन्हींचे फ्लॅप एकत्र उघडले पाहिजेत, दोन्ही सुया (किती पेट्रोल जायचं ते ठरवणाऱ्या) सारख्या झिजलेल्या असल्या पाहिजेत, आणि ते दर काही महिन्यांनी जुळवायला तुमच्याजवळ माणूस हवा. न जुळलेले दोन हे जुळलेल्या एकापेक्षा वाईट. तुमच्या कार्ब्युरेटरचा घसा मोजा. सव्वा इंची असेल तर त्याऐवजी एकच दीड इंची एसयू, मोकळ्या केलेल्या मॅनिफोल्डवर, हा माझा सल्ला. पाच हजार आरपीएमच्या खाली तुम्हाला दुसऱ्याची उणीव भासणार नाही. आणि त्याच्या वर जायचंच नाही, कारण या इंजिनाच्या क्रँकला तीनच मेन बेअरिंग आहेत.

सुई मात्र नव्याने निवडावी लागेल. आज पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याला त्याच हवेसाठी सात-आठ टक्के जास्त पेट्रोल लागतं. जुन्या सुईवर इंजिन लीन (पेट्रोल कमी) चालतं, आणि लीन इंजिन घाटात तापतं, वाल्व जाळतं. त्याच वेळी पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्राम इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घाला. एसयूचं मिश्रण बघायची पद्धत सोपी आहे: आयडलवर पिस्टन पिनने जेमतेम मिलिमीटरभर उचला. आरपीएम वाढून तसाच राहिला तर रिच, इंजिन बंद पडायला लागलं तर लीन, क्षणभर किंचित वाढून पुन्हा जागेवर आला तर बरोबर. डॅशपॉटमध्ये (एसयूच्या वरच्या भांड्यात) ऑइल आहे का ते आधी बघा. ते नसेल तर पिकअपला गाडी अडखळते आणि लोक दोष जेटला देतात.

सायलेन्सरबद्दल थोडक्यात. मूळचा पाइप आतून कार्बनने भरलेला किंवा बॅफल तुटून अडलेला असेल तर बदला. पावणेदोन इंची पाइप आणि आरपार सायलेन्सर पुरे. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली असं नाही, आणि कोकणातल्या गावातून पहाटे जाताना लोकांची झोपही आपण सांभाळायची असते.

एवढ्या सगळ्यातून ६० ते ६५ हॉर्सपॉवर अपेक्षित धरा. तुमच्या आजच्या स्थितीपासून हा फरक मोठा आहे. घाट दुसऱ्यात रडत नाही, बऱ्याच चढांवर तिसरा गिअर धरतो.

पण इंजिन खोलण्याच्या आधी ब्रेक करा. या गाडीला चारही चाकांना ड्रम आहेत, आणि जो घाट ती आता जोरात चढेल तोच तिला उतरायचा आहे. ड्रम ओव्हल झालेत का बघून टर्निंग करा, चांगल्या प्रतीची लायनिंग लावा, व्हील सिलिंडरचे वॉशर आणि सगळ्या होजपाइप नव्या घाला, ब्रेक ऑइल पूर्ण बदला. जुन्या ऑइलमध्ये पाणी शिरलेलं असतं, ते उतारावर उकळतं आणि पेडल तळाला जातं.

इंजिन बांधताना चारही कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन वजनाला जुळवून घ्या. दोन-तीन ग्रॅमच्या आत आणले तर तीन बेअरिंगच्या क्रँकला मोठा आराम मिळतो. हेडचे नट ५० फूट-पाउंडला, मधून बाहेर अशा क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळा. पहिले पाचशे किलोमीटर सपाटीवरच चालवा, मग हेड पुन्हा टॉर्क करा, टॅपेट पुन्हा लावा, ऑइल बदला. त्यानंतर घाट. कॉम्प्रेशन वाढलंय, तेव्हा जुनं टायमिंग आता थोडं पुढे पडेल. चढावर भार असताना खणखण ऐकू आली तर डेल्को एक-दोन अंश मागे घ्या. आंब्याला वर पोचलात की इंजिन लगेच बंद करा, थोडं थंड होऊ द्या आणि प्लग काढून बघा. फिकट तपकिरी असतील तर झालं. पांढरेफटक असतील तर सुई एक नंबर बारीक घाला, काळे असतील तर एक नंबर जाड, आणि तोच घाट त्याच वजनानिशी पुन्हा चढून बघा.